शुद्ध इंग्रजीतलं ऑफर लेटर

इरा आणि अर्णव,

इराने पाठवलेला नोकरीचा अर्ज दुरुस्त करून ठेवला आहे. दोन स्वल्पविराम घातले, एक ‘व्हेरी’ काढला, शेवटचा परिच्छेद वर नेला. परत पाठवायला पाच मिनिटं लागली असती. पण फोन ठेवताना इरा म्हणाली, “आजी, तू इंग्रजी बघितलंस की मला धास्ती नाही,” आणि मलाच धास्ती भरली. तुम्ही दोघं मेलबर्नला, त्यात इरा जर्मनीत तीन ठिकाणी अर्ज करते आहे. उद्या तिकडून उत्तरं येतील, तीही ती माझ्याकडे पाठवील, आणि मी पुन्हा इंग्रजी बघेन. नुसतं इंग्रजी बघितल्याने काय होतं ते मला गेल्या वर्षी कळलं. तुमच्या आईला मी ते अर्धवट सांगितलं होतं, तुम्हाला पूर्ण सांगते. इथल्या एका दिवाळी अंकाच्या संपादकांना माझ्या टायपिंग इन्स्टिट्यूटच्या आठवणी हव्या आहेत. त्यांनाही हेच देणार आहे. त्यांना गमतीजमती हव्या होत्या; त्या थोड्याच आहेत.

तुम्ही टाईपरायटर फक्त चित्रात पाहिला असेल. बेलापूरला माझी इन्स्टिट्यूट होती, दहा मशीनची. सात इंग्रजी, तीन मराठी. सरकारी नोकरीला टायपिंगचं सर्टिफिकेट लागे, म्हणून आसपासच्या गावांतून मुलंमुली सायकलींवर येत. तीसची परीक्षा म्हणजे मिनिटाला तीस शब्द, मग चाळीसची. शिकवण्यासारखी गोष्ट त्यात एकच होती. डोळे समोरच्या कागदावर ठेवायचे आणि मजकुराचा अर्थ लावायचा नाही. अर्थात मन गेलं की बोट अडखळतं. “वाचू नका, बघा,” हे वाक्य मी एकतीस वर्षं, सकाळी सात ते रात्री आठ म्हणत आले. माझे विद्यार्थी पटापट पास होत. मला त्याचा अभिमान होता, अजूनही आहे.

मशीन मोकळी असली की बाहेरची कामं घ्यायची. अर्ज, करारनामे, लग्नाचे बायोडाटा. काष्टीच्या बाजारातला एक बैलांचा व्यापारी आखाती देशातल्या हॉटेलसाठी अर्ज करून घ्यायला आला होता. कोणत्या जागेसाठी, विचारलं, तर म्हणाला, कोणतीही चालेल, मॅनेजरचीही. मी तसंच टाईप करून दिलं. त्याला उत्तर आलं नाही, पण तो दर वर्षी नवा अर्ज करून न्यायचा. कॉम्प्युटर आल्यावर मशीनं भंगारात गेली, इन्स्टिट्यूट बंद झाली. मी घराच्या ओसरीत एक कॉम्प्युटर आणि प्रिंटर मांडला. लोक येतच राहिले, कारण गावात इंग्रजी पत्र वाचून त्याचा अर्थ सांगणारं माणूस म्हणजे ‘टायपिंगच्या बाई’.

आमचा भाग साखर कारखान्यांचा. इथली माणसं परदेशी जातात ती तुमच्यासारखी शिकायला नाही, तर पॅन चालवायला. पॅन म्हणजे दोन मजली उंचीचं बंद भांडं. त्यात उसाचा पाक आटवून साखरेचा दाणा धरतात. पॅनमन मधूनमधून चमचाभर नमुना काचेच्या पट्टीवर काढतो, बोटाने पसरतो, दिव्यासमोर धरून दाणा बघतो. दाणा धरला का, किती वाढवायचा, पॅन कधी सोडायची म्हणजे खाली रिकामी करायची, हे त्याने ठरवायचं. हे काम पुस्तकातून येत नाही. त्यामुळे आफ्रिकेतल्या साखर कारखान्यांना आमच्याकडचे पॅनमन हवे असतात, आणि कितीतरी जण रीतसर जाऊन, चार वर्षं राहून, घर बांधून परत आलेले आहेत. हे मुद्दाम सांगते. परदेशी नोकरी म्हणजे फसवणूकच असं इथे कुणी म्हणू शकत नाही. खरी उदाहरणं शेजारच्या गल्लीत असतात, म्हणून तर खोट्यावर विश्वास बसतो.

गेल्या वर्षी पावसाळ्यात एक गृहस्थ ओसरीवर आले. पन्नाशीचे, इस्त्रीचा शर्ट, बोलणं मऊ. मला ‘मॅडम’ म्हणाले. परदेशी नोकऱ्यांची कन्सल्टन्सी आहे, एका साखर कारखान्यासाठी ऑफर लेटरचा नमुना करायचा आहे, माझं इंग्रजी कच्चं आहे, असं त्यांनी मोकळेपणाने सांगितलं. स्वतःचं इंग्रजी कच्चं असल्याचं मान्य करणारा माणूस मला नेहमीच आवडतो. त्यांचा हाताने लिहिलेला मसुदा वाईट होता. मी तासभर बसून तो सुधारला. शेवटी त्यांनी लिहिलं होतं, आमच्या कुटुंबात तुमचं स्वागत आहे. कारखाना म्हणजे कुटुंब नव्हे, असं सांगून मी ते खोडलं आणि ‘आपला अनुभव आमच्या हंगामास लाभेल याची आम्हास खात्री आहे’ अशा अर्थाचं एक चांगलं, वजनदार वाक्य घातलं. गृहस्थ खूश झाले. नावाची जागा रिकामी ठेवा, म्हणाले. मी ठेवली.

ऑफर लेटर कारखाना देतो. ते बेलापूरच्या एका ओसरीवर का तयार व्हावं, हा प्रश्न मला पडला नाही. मी वाचत नव्हते, बघत होते.

दसरा झाल्यावर एका सोमवारी रावसाहेब आला. हा माझा जुना विद्यार्थी. तीसच्या परीक्षेत दोनदा नापास झाला. हात हलका होता, पण मजकूर वाचत बसायचा. मग कारखान्यात पॅनवर बिगारी म्हणून लागला आणि वीस वर्षांत तिथला पहिल्या नंबरचा पॅनमन झाला. कायम नोकरी, चव्वेचाळीस वय. बरोबर बायको सिंधू होती आणि तिच्या हातात पेढ्यांचा पुडा.

“बाई, आफ्रिकेचं ठरलं बगा,” तो म्हणाला. “पत्र आलंय. नुस्तं वाचून दावा, कुटं काय ऱ्हायलं का ते.”

पत्र हातात घेतल्यावर पहिल्यांदा मनात आलं ते हे की किती छान इंग्रजी आहे. खरंच हेच आलं. मग मी शेवटच्या ओळीवर पोचले. आपला अनुभव आमच्या हंगामास लाभेल. वर ठसठशीत कारखान्याचं नाव, खाली कुणा साहेबाची सही, आणि मी ठेवलेल्या रिकाम्या जागेत रावसाहेबाचं नाव.

त्या वेळी मी काय केलं ते लिहायला मला आवडत नाही. मी पेढा खाल्ला. पत्र ठेवून जा, नीट बघते, असं म्हटलं. तो सांगत होता आणि माझ्या कानात नुसते तुकडे पडत होते. मूळ पासपोर्टच त्या कन्सल्टन्सीत जमा केलेला होता, पैसेही भरून झाले होते. व्हिसा सध्या पर्यटकाचा काढणार होते, तिकडे पोचल्यावर नोकरीचा करून देतात म्हणे. शनिवारी कारखान्यात राजीनामा द्यायचा, त्यानंतर चार दिवसांनी विमान. हंगाम तोंडावर आलेला. आता सोडलं तर त्याच्या जागी दुसरा घेणार आणि ती जागा पुन्हा मिळायची नाही, हेही तोच म्हणाला, हसत. ते गेले, मी पत्राला हात लावला नाही. पर्यटकाच्या व्हिसावर गेलेल्या माणसाला तिकडे काम करायचा हक्क नसतो. त्याला कुठेही जुंपता येतं आणि तक्रार करायला तो पोलिसाकडे जाऊ शकत नाही, कारण आधी तोच पकडला जाईल. हे मला माहीत होतं. मला फक्त हे सांगायचं धाडस होत नव्हतं की या पत्रात माझा हात आहे. उभ्या आयुष्यात माझ्या टायपिंगला कुणी चूक म्हटलं नव्हतं.

मंगळवारी सकाळी त्याच्या घरी गेले. चौकात वळले आणि पाय थांबले. फ्लेक्स लागला होता. विमानाचं चित्र, ढग, मध्ये गॉगल लावलेला रावसाहेब, ‘परदेशी निवडीबद्दल हार्दिक अभिनंदन’, आणि खाली शुभेच्छुक म्हणून सतरा जणांचे फोटो. तुम्हाला हसू येईल. पण आमच्याकडे माणसाचा फ्लेक्स लागला की ती गोष्ट झाली असं धरतात. साखरपुडा मोडता येतो, फ्लेक्स उतरवता येत नाही. व्हिसा यायच्या आधी फ्लेक्स लावणं ही चूक इथेच होऊ शकते. त्या एजंटाला हे चांगलं ठाऊक असावं. रावसाहेब नंतर म्हणाला की फ्लेक्ससाठी विमानाचं चित्र एजंटानेच मोबाईलवर पाठवलं होतं.

मी रावसाहेबाला स्वच्छ सांगितलं. हे पत्र मी लिहिलं आहे, माझ्या ओसरीवर, कारखान्याने नाही. तो माझ्याकडे बघत राहिला आणि मग त्याचा चेहरा खुलला.

“तुमी लिव्हलंय? मंग तर पत्र चांगलंच आसनार की, बाई.”

मी पुन्हा समजावलं. कन्सल्टन्सीला सरकारी परवाना आहे का, नोंदणीकृत एजंटांची यादी सरकार नेटवर ठेवतं, त्यात त्यांचं नाव नाही. मी सकाळीच तीनदा शोधलं होतं. पत्र ज्या ईमेलवरून आलं तो कारखान्याचा नाही, कुणालाही फुकट काढता येतो तसला आहे. पासपोर्ट कुणाच्याही ताब्यात द्यायचा नसतो. तो ऐकत होता, पण हळूहळू त्याची मान खाली गेली आणि ओठ घट्ट झाले. सिंधू दारात उभी होती. तिला माझं पहिलं वाक्यच पुरलं होतं. “आवं, बाईंनी लिव्हलं म्हंजी कारखान्याचं कसं ऱ्हाईल ते?” असं ती म्हणाली, तर तिच्यावरच तो खेकसला की व्हिडिओवर मुलाखत झाली आहे, समोर टाय लावलेली दोन माणसं होती, आणि बाईंचं आता वय झालंय.

घरी येऊन मी त्या आफ्रिकेतल्या कारखान्याची खरी वेबसाईट शोधली. पत्रावरचा नंबर घेतला नाही. पत्रावर छापलेला नंबर लावला की फोन पत्र लिहिणाऱ्याकडेच जातो, एवढं त्या दिवशी मला सुचलं. वेबसाईटवरच्या पत्त्यावर मेल पाठवला, सोबत ऑफर लेटरची प्रत जोडली. बुधवारी उत्तर नाही. मी दर अर्ध्या तासाने कॉम्प्युटर उघडत होते. दोनदा फोन लावला, तिकडे घंटा वाजत राहिली. भाजीत मीठ दोनदा पडलं. शनिवारला मध्ये दोनच दिवस उरले होते, आणि माझ्याकडे माझ्या शब्दाखेरीज काही नव्हतं, आणि माझ्या शब्दाचंच तर ते पत्र झालं होतं.

गुरुवारी संध्याकाळी मारुतीच्या देवळासमोर सत्कार ठेवला होता. पॅनवरचे सगळे सहकारी, शुभेच्छुकांपैकी निम्मे, बायका कडेला. मला पहिल्या रांगेत खुर्ची. जावं की नाही यावर दिवस घालवून मी गेले. एक जुने निवृत्त पॅनमन, सगळे त्यांना तात्या म्हणतात, बोलायला उठले. रावसाहेब बिगारीचा पॅनमन झाला तेव्हाची गोष्ट त्यांनी सांगितली. चीफ केमिस्टनी त्याला काहीही न विचारता काचेची पट्टी हातात दिली आणि म्हणाले, दाणा दाखव. यानं पट्टी दिव्यासमोर धरली आणि सांगितलं की साहेब, पॅन अजून दहा मिनिटं थांबवा. दहा मिनिटांनी जे उतरलं ते बघून त्याची नेमणूक झाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग माईकवाला म्हणाला, आता रावसाहेबांच्या गुरू, टायपिंगच्या बाई, दोन शब्द बोलतील.

मी उभी राहिले. माईक हातात घेतला. मी म्हटलं की हे ऑफर लेटर मी टाईप केलं आहे, एका एजंटासाठी, आणि ते खोटं असावं अशी मला भीती आहे. कुणीतरी मागून हसलं. बाईंचा विनोद वाटला असेल. रावसाहेब शाल पांघरून, नारळ मांडीवर घेऊन बसला होता. त्याच्या चेहऱ्यावर विनोद नव्हता. आणि तात्यांची गोष्ट डोक्यात होती म्हणून मला एकाएकी तो प्रश्न सुचला, जो मंगळवारी त्याच्या घरात सुचायला हवा होता.

“रावसाहेब, मुलाखतीत तुला पॅनचं काय विचारलं?”

त्याने मांडीवरचा नारळ खाली ठेवला.

“नाव इचारलं,” तो हळूच म्हणाला. “वय. वजन. लगीच निघता यील का. मटन खाता का.”

“आन् दान्याचं?” हे तात्या बोलले, खुर्चीवरूनच.

“न्हाई.”

“काचंचं?”

“न्हाई, तात्या.”

“आरं, मंग त्यांना पॅनमन कशाला पायजे?”

कुणी हसलं नाही. तिथे बसलेल्या प्रत्येकाला कळलं, मला तीन दिवस जे समजावता आलं नव्हतं ते. दाणा न विचारता पॅनमन घेणारा साखर कारखाना जगात कुठेही नसतो. रावसाहेबाने शाल काढली, घडी केली, खुर्चीवर ठेवली आणि घराकडे चालायला लागला. माईकवाल्याने आभारप्रदर्शन केलं.

सिंधू माझ्याजवळ आली. “घरात इचारलं आसतं तर चार मान्सांत नाक गेलं नसतं,” एवढंच म्हणाली. तिचं बरोबर होतं. माझी लाज वाचवायला मी सोमवार घालवला आणि त्याची लाज चव्हाट्यावर गेली. याचं ओझं मी अजून वागवते आहे. इतरांनी मला बाईंनी वाचवलं वगैरे सांगितलं, ते मी ऐकून घेते.

शुक्रवारी दुपारी तिकडून मेल आला, दोन ओळींचा, व्याकरणाच्या तीन चुका असलेला. अशी कोणतीही जागा नाही, सही केलेला माणूस आमच्याकडे नाही, आणि पॅनमनची निवड आमचे अधिकारी पॅनवर काम बघून करतात. खरं पत्र चुकीच्या इंग्रजीत आणि खोटं शुद्ध. मी ते छापून रावसाहेबाच्या घरी नेलं. तो अंगणात बसला होता. राजीनामा त्याच्या खिशात होता. त्याने तो काढून सिंधूकडे दिला आणि तिने तो तिथेच चुलीत घातला.

पासपोर्ट राहिला होता. मी एजंटाला पत्र लिहिलं, आयुष्यातलं सगळ्यात शुद्ध. पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे, तो अडवून ठेवायचा तुम्हाला अधिकार नाही. मग आम्ही तिघं तालुक्याच्या पोलीस ठाण्यात गेलो. मी कामाचा प्रत्येक मसुदा फायलीत लावते, तारखेसकट, जुनी सवय आहे. त्या गृहस्थांच्या हाताचा मसुदा, त्यावर लाल शाईतल्या माझ्या दुरुस्त्या, टाचणीने लावलेलं त्यांचं व्हिजिटिंग कार्ड, सगळं साहेबांपुढे ठेवलं. त्यांनी विचारलं, या लाल दुरुस्त्या कुणाच्या? मी म्हटलं, माझ्या. त्यांनी ते जबाबात लिहून घेतलं आणि मी खाली सही केली. नऊ दिवसांनी पासपोर्ट एका पाकिटात आला, पाठवणाऱ्याचं नाव नसलेल्या. दिलेले पैसे आले नाहीत. कार्डावरच्या पत्त्याला कुलूप होतं. तो माणूस सापडला की नाही मला अजून कळलेलं नाही.

मला खरी काळजी वेगळीच आहे. त्या नमुन्यात नावाची जागा रिकामी होती. तिथे आणखी कुणाकुणाची नावं बसली, ते माझं वाक्य वाचून कुठल्या विमानात चढले, त्यांच्या गावात दाणा विचारणारा कुणी तात्या होता का, हे मला कधीच कळणार नाही. आफ्रिकेत अडकलेल्या मराठी माणसांची बातमी पेपरात आली की मी आधी त्यांचा धंदा बघते.

गावाने रावसाहेबाला सोडलं नाही. हंगामाच्या पहिल्या दिवशी, उसाची पहिली मोळी टाकताना, एकाने विचारलं, “काय फॉरेन, इमान चुकलं व्हय?” वर्षभर तो ‘फॉरेन’ होता. फ्लेक्स त्याने स्वतः शिडी लावून उतरवला आणि कांद्याच्या चाळीवर टाकला, तोंड खाली करून.

म्हणून इरा, तुझ्याकडे उत्तर आलं की माझ्याकडे इंग्रजी तपासायला पाठवू नकोस. मुलाखतीत त्यांनी तुझ्या कामाचं काय विचारलं ते मला सांग. तू ज्यात चार वर्षं घालवलीस त्यातलं, जे तुझ्यासारखीलाच येतं, असं एक तरी त्यांनी विचारलं का? नसेल विचारलं, तर पत्र कितीही देखणं असो, कागद खाली ठेव आणि त्या कंपनीचा फोन नंबर स्वतः शोधून काढ. आणि कुणालाही, अर्णवलासुद्धा, बातमी द्यायची घाई करू नकोस. एकदा सगळ्यांना सांगून झालं की मागे फिरायला लाज वाटते, आणि ती लाजच माणसाला विमानात बसवते. मेलबर्नला फ्लेक्स लावत नसतील, पण मोबाईलवर तुम्ही जे लावता ते काही वेगळं नसतं.

यंदा रावसाहेबाने पुन्हा अर्ज केला आहे, या वेळी परवानाधारक एजंटामार्फत, आणि तिकडच्या कारखान्याचा माणूस इथे येऊन त्याचं पॅनवरचं काम बघून गेला. उत्तर अजून यायचं आहे. पॅनवरच्या दोघातिघांखेरीज गावात कुणाला माहीत नाही, म्हणून एवढा परिच्छेद अंकाला देणार नाही. मी लिहिते आहे हे त्याला विचारून, नाव बदलून. त्याची इथली जागा कायम आहे. पासपोर्ट सिंधूच्या ताब्यात आहे, गव्हाच्या कोठीत.

— आजी